घोडा का अडला? (नागपूरहून नाशिक : अर्धा दिवस तबेल्यात, अर्धा दिवस वाइनरीत)

फिरस्ता_धंतोली (धागाकर्ता)

"समृद्धीने नाशिकला गेलो तर बघायचं काय?" असं इथे मागे कोणीतरी विचारलं होतं. उत्तर लिहायला बसलो आणि ते इतकं लांबलं की वेगळा धागा काढावा लागला. त्र्यंबकेश्वर, पंचवटी, काळाराम सगळ्यांना ठाऊक आहे, त्यावर लिहीत नाही. आमचा एक दिवस घोड्यांच्या फार्मवर आणि वाइनरीत गेला, तेवढंच सांगतो.

आम्ही तिघं होतो : मी, बायको आणि आई. आई ७१ वर्षांची. फेब्रुवारीतला शुक्रवार. सकाळी सहाला शिवमडक्याला चढलो, मध्ये दोनदा थांबलो, सिन्नरकडे उतरलो आणि दोनच्या सुमारास नाशिकला साडूंच्या दारात. रस्त्याबद्दल एवढंच, की तो सरळ आहे आणि त्या सरळपणाचाच त्रास होतो. डोळे उघडे असतात आणि माणूस झोपलेला असतो. निघण्याआधी टायर बघा, दर दीड तासाने उतरून पाय मोकळे करा. बाकी त्यावर इथे दहा धागे आहेत.

शनिवारी सकाळी साडूंनी त्यांच्या ओळखीच्या एका फार्मवर नेलं. दिंडोरीच्या बाजूला, बारा घोडे. नाव देत नाही कारण मालकीणबाईंनीच सांगितलं, "लिहू नका, रविवारी झुंबड होते आणि घोडे बिथरतात." आई यायलाच तयार नव्हती. "मला काय आता घोड्यावर बसवता?" म्हणत गाडीत बसली. गाडीतून उतरल्यावर दोन पावलं चालली आणि थांबली. कडबा, ओली माती, लीद असा सगळा वास येत होता. म्हणाली, "हा तर आमच्या घरचा वास."

इथे एक सांगायला हवं. आईचे वडील नागपुरात टांगा चालवायचे. स्टेशन ते इतवारी, स्टेशन ते महाल. मला हे माहीत होतं, पण आपल्याला आपलं गोत्र माहीत असतं ना, तसं. कधी विचारलं नाही, तिने कधी सांगितलं नाही.

मोतद्दार (घोड्यांची देखभाल करणारा) विशी-बाविशीचा पोरगा होता, एका घोडीला खरारा करत होता, म्हणजे ब्रशने अंग घासत होता. आई जरा वेळ बघत राहिली, मग म्हणाली, "पोटाखाली घाल रे हात, पट्ट्याच्या जागी घाम वाळलाय. तसंच खोगीर ठेवशील तर सोलवटेल." पोराने एकदा मालकीणबाईंकडे बघितलं आणि खरारा आईच्या हातात दिला. मी फोन काढेपर्यंत ती घोडीच्या खांद्यावर तळहात ठेवून उभीसुद्धा राहिली होती. मागच्या बाजूला जाताना हात घोडीच्या अंगावरून उचलला नाही, पुठ्ठ्यावरून तसाच फिरवत पलीकडे गेली. घोड्याला बाजूचं जवळजवळ सगळं दिसतं, थेट मागचं दिसत नाही. हात लागलेला असला की माणूस कुठे आहे ते त्याला कळतं. हे मला मालकीणबाईंनी समजावलं. आईला ते समजावून सांगता आलं नसतं, तिच्या हाताला ठाऊक होतं.

घोडे म्हणाल तर दोन मारवाडी. कान आत वळलेले, ताठ केले की टोकं एकमेकांना टेकतात. एक काठेवाडी, बाकी पोनी, आणि एक रेसकोर्सवरून निवृत्त झालेला थरोब्रेड. हा नऊ वर्षांचा. मालकीणबाई म्हणाल्या, "शर्यतीचा घोडा पाच-सहा वर्षांचा झाला की बहुतेकदा त्याची शर्यत संपते. जगतो मात्र पंचवीस वर्षं. मधली वीस वर्षं त्याने कुठे काढायची?" त्याच्याकडे बघून वाटत नव्हतं की याला काही काळजी आहे. साडूंच्या खिशातला गूळ त्याने वासावरून हुडकला.

त्या दिवशी नशिबाने नालबंद आला होता. मी तासभर तिथून हललो नाही. घोड्याचा पाय दोन मांड्यांत धरून त्याने जुनी नाल उपटली, वाढलेलं खूर पकडीने कापलं, कानशीने सपाट केलं. चुरा पडत होता तो आपल्या नखासारखाच. खिळा खुराच्या बाहेरच्या भिंतीत तिरका जातो, तिथे संवेदना नसते, पण दोन-चार मिलिमीटर आत गेला तर घोडा लंगडा. खुराच्या मध्ये एक मऊ त्रिकोणी भाग असतो, घोडा चालताना तो दाबला जातो आणि पायातलं रक्त वर चढायला मदत होते. म्हणजे घोड्याचं रक्त फिरायचं तर घोडा फिरायला हवा. दर सहा-सात आठवड्यांनी हे सगळं परत. नालबंद बोलत नव्हता. त्याचं तोंड खिळ्यांनी भरलेलं होतं.

मग माझी पाळी. मला एक कुमैत (तांबूस अंगाची, काळ्या आयाळीची) घोडी दिली. रिंगणात पंधरा मिनिटं ठीक गेली, मोतद्दार दोर धरून होता. तेवढ्याने मी शिलेदार झालो आणि बांधावरून एक चक्कर मारतो म्हणालो. द्राक्षबागेच्या कोपऱ्यावर घोडी अडली. टाच मारली, लगाम सैल केला, गोड बोललो, नागपुरी बोललो. नाहीच. साडू व्हिडिओ काढत होते. शेवटी मोतद्दार आला, तिला जागच्या जागी दोन वाटोळे फेरे दिले आणि ती चालू लागली. "दोन दिवस उभीच आहे साहेब. शिकवणारे दादा सुट्टीवर आहेत, फिरवायला कोणी नाही."

जेवण म्हणजे मिसळ. सावजीच्या झणझणीत रश्श्यावर वाढलेल्या जिभेला ती गोडच लागणार, त्यावर वाद नको.

दुपारी वाइनरी. सगळ्यांना माहीत असलेली मोठी नव्हे, एक लहान. आम्हाला काय ठाऊक, पण आम्ही ऐन हंगामात पोचलो होतो. नाशिकला वाइनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्च. फळ थंड राहावं म्हणून पहाटे अंधारात तोडतात आणि ऊन चढायच्या आत आणून टाकतात. साडूंनी चांगलं केलं ते हे, की टेबलावर नेण्याआधी मागच्या शेडमध्ये नेलं. तिथे जे बघितलं ते पुढच्या हॉलमध्ये कोणी सांगितलं नसतं.

पांढऱ्या वाइनला द्राक्ष आधी दाबून रस काढतात आणि नुसता रस आंबवतात, तोही थंड टाकीत. लालला उलटं. साल, बी, गर सगळं रसासकट टाकीत, कारण रंग सालीत असतो. काळ्या द्राक्षाचा रससुद्धा बहुतेक वेळा पाण्यासारखाच असतो, हे मला पन्नाशीला आल्यावर कळलं. यीस्ट साखर खातं, अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं. तो वायू साली वर ढकलतो आणि टाकीच्या तोंडाशी सालींचा जाड थर बसतो. एक माणूस फळीवर उभा राहून लांब दांड्याच्या चकतीने तो थर खाली दाबत होता. दिवसातून तीनदा, रात्रीची पाळी धरून. मी विचारलं, नाही दाबला तर? म्हणाला, "वरचं सुकतं, तापतं, व्हिनेगर व्हायला लागतं."

आई माझ्या मागे उभी होती. नाकाला पदर. ती एकदम म्हणाली, "घोडा का अडला, भाकरी का करपली, पानं का सडली?"

आणि तो माणूस, हातातला दांडा न थांबवता, "न फिरवल्याने, आजी."

पुढचा हॉल सांगण्यासारखा नाही. गर्दी, गाणी, ग्लास धरून फोटो. एक मुलगी पाठ केलेलं बोलत होती : लिची, पॅशनफ्रूट, अमुक-तमुक बेरी. पॅशनफ्रूट कुणी खाल्लंय हो आपल्यात? मला गाडी चालवायची होती म्हणून मी नुसते वास घेतले. आई पीत नाही, पण सोविन्यों ब्लाँ या पांढऱ्या वाइनचा ग्लास तिने नाकाशी धरला आणि म्हणाली, "पेरू. अर्धा पिकलेला." त्या मुलीने पहिल्यांदा पाठांतर सोडलं आणि हसली. म्हणे बरोबर आहे, तोच वास त्याची खूण.

बायकोला शेनिन ब्लाँ आवडली, दोन बाटल्या घेतल्या. आणि मग लक्षात आलं की घरी जाण्याचा रस्ता दारूबंदीच्या वर्धा जिल्ह्यातून जातो. बाटल्या साडूंच्या फ्रिजमध्ये ठेवून आलो.

*

सावजीचा_भाऊ

भाऊ, सहाशे किलोमीटर जाऊन मिसळ गोड लागली हे सांगून रायला का? मी असतो तर तर्रीचा डबा संग नेला असता.

पन बाटल्या काहून ठेवल्या बे? सील होत्या, बिल होतं. समृद्धीवर कोन थांबवते? साडूचं भलं झालं फक्त.

*

सेवाग्राम_एक्सप्रेस

@सावजीचा_भाऊ, मी वर्ध्याचा आहे म्हणून सांगतो. भाऊंनी केलं ते बरोबर. वर्धा जिल्हा १९७४ पासून दारूबंदीत आहे, सेवाग्राममुळे. समृद्धी आमच्याच जिल्ह्यातून जाते, येळाकेळीला तर इंटरचेंज आहे. महामार्ग झाला म्हणून त्याखालची जमीन जिल्ह्याबाहेर जात नाही. शिवाय महाराष्ट्रात कुठेही बाटली बाळगायची तर मुळात परवाना लागतो, हे निम्म्या लोकांना माहीतच नसतं. वर्षाचा शंभर रुपयांत, कायमचा हजारात, ऑनलाइन निघतो. तो काढा, आणि बंदीच्या जिल्ह्यातून न्यायचं काय ते उत्पादन शुल्कवाल्यांना आधी विचारा. टोल नाक्यावर कायदा शिकण्यात मजा नाही.

बंदीत मिळत नाही असं नाही, ते तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. फक्त महाग मिळते आणि वाईट मिळते.

*

गुरांचा_डॉक्टर

पशुवैद्यक आहे, काटोल भागात. बैल-म्हशीच जास्त, घोडे कमी, पण लग्नाच्या घोड्या येतात.

फिरस्ता, तुमच्या आईंचं कोडं विनोद नाही, ते आमच्या पुस्तकात आहे. घोडा रोज काम करतो, त्याला खुराक त्या हिशोबाने मिळतो. मग दोन दिवस नुसता उभा ठेवला, हरभरा-कोंडा मात्र तेवढाच चालू ठेवला, आणि तिसऱ्या दिवशी एकदम काढला, तर पाठीचे आणि पुठ्ठ्याचे स्नायू आखडतात. घाम फुटतो, घोडा पाऊल टाकत नाही, लघवी कॉफीच्या रंगाची होते. पूर्वी ओझ्याच्या घोड्यांना रविवारी सुट्टी असायची आणि हे सोमवारी दिसायचं, म्हणून याला सोमवारचा आजार म्हणत. असा घोडा कोणी दोन फेरे देऊन ओढून चालवला तर नुकसान वाढतं. तुमची घोडी लगेच चालली म्हणजे तसं काही नव्हतं, कंटाळलेली किंवा तुम्हाला ओळखलेली असणार. पण पुढच्या वेळी घोडा अडला तर आधी खाली उतरा. खूर बघा, पट्ट्याखाली बघा, तोंडात लगाम कुठे टोचतोय का बघा. घोडा आळशी म्हणून क्वचित अडतो. दुखतं म्हणून जास्त वेळा अडतो.

आणखी एक. घोड्याला ओकता येत नाही. पोटात गेलं ते पुढेच जायला हवं. म्हणून पाहुण्यांनी प्रेमाने दिलेली पोळी, ब्रेड, उरलेला भात यांनी घोडे मरतात. पोटशूळ. साडूंचा गूळ सुपारीएवढा होता असं धरून चालतो.

*

फिरस्ता_धंतोली

@गुरांचा_डॉक्टर, डॉक्टरसाहेब, सुपारीपेक्षा थोडा मोठा होता. साडूंना हा प्रतिसाद पाठवला आहे. त्यांचं उत्तर इथे देण्यासारखं नाही.

उतरण्याचं लक्षात ठेवतो. खरं सांगायचं तर तेव्हा उतरता येईल असं वाटलंच नव्हतं.

*

घोडनवरा

वरातीचा अनुभव. आमच्या लग्नात घोडी मंगल कार्यालयाच्या फाटकाशी अडली. बॅण्डवाला म्हणाला थांबा, दोन गाणी वाजवतो. त्याची गाणी संपली तरी घोडी तिथेच. सासरे म्हणाले, "जावईबापू, हिला कळलंय, तुम्हाला कळत नाहीये." अकरा वर्षं झाली.

घोडी वाशीमहून आणली होती आणि दिवसभरातली तिची तिसरी वरात होती. डॉक्टरांचं वाचून आता वाईट वाटतंय.

*

मोहफूल

गडचिरोलीची आहे, नोकरीसाठी नागपुरात. धागा आवडला, आईंचा भाग तर फारच. पण वाइनरीपाशी आले आणि थबकले.

आमच्या जिल्ह्यात १९९३ पासून बंदी आहे. ती सरकारला सुचली म्हणून आली नाही, बायकांनी आणि गावांनी लढून आणली. राज्यात इतरत्र गावातलं दुकान बंद करायला बायका मतदान करतात, चिठ्ठीवर उभी बाटली आणि आडवी बाटली असते. निम्म्याहून जास्त बायकांनी आडवीवर शिक्का मारला की दुकान बंद. हे मी लहानपणापासून बघितलं आहे. चंद्रपूरला २०१५ मध्ये बंदी आली आणि २०२१ मध्ये उठली, तेव्हा आमच्या घरात कोणी जेवलं नाही असं म्हटलं तर खोटं होईल, पण आई दिवसभर बोलली नाही.

मला राग वाइनचा नाही. शब्दाचा आहे. द्राक्षाची असली की 'वाइन', तिचं 'टुरिझम', तिला २००१ चं खास द्राक्ष प्रक्रिया धोरण, तिच्यासाठी २०२२ मध्ये हजार चौरस फुटांच्या सुपरमार्केटात शेल्फ द्यायचा मंत्रिमंडळाचा निर्णय (विरोध झाला म्हणून ते मागे पडलं, ते सोडा). आणि आमच्याकडे मोहाचं फूल पहाटे झाडाखाली पडतं, बायका ते वेचतात, वाळवतात, खातात, विकतात, पूजेत ठेवतात. त्याचं काही झालं की 'हातभट्टी'. फूल साठवायला आणि न्यायलासुद्धा बंधनं होती, ती उठली २०२१ मध्ये. एवढंच विचारते, तुमच्या त्या हॉलमध्ये मोह ठेवला असता तर त्या मुलीने त्याला कशाचा वास आहे म्हणून सांगितलं असतं?

*

सावजीचा_भाऊ

ताई, बरोबर बोलल्या. मोहाचा वास सांगाले पाठांतर लागतच नाही.

*

फिरस्ता_धंतोली

@मोहफूल, ताई, शब्दाचं तुमचं म्हणणं मला पटतं. 'वाइन म्हणजे दारू नाही' हे वाक्य मी पण ऐकलंय आणि मला ते चतुर वाटतं, खरं वाटत नाही. बारा-तेरा टक्के अल्कोहोल आहे, दारूच आहे. फक्त मागच्या शेडमध्ये जे बघितलं त्याला मी शेतीच म्हणेन, आणि तुमच्या मोहाच्या वेचणीलाही. दोन्हींचं पुढे काय होतं, कोणाच्या हाती जातं, कोणाच्या घरी जातं, हा भाग वेगळा आणि त्यात तुम्ही माझ्यापेक्षा जास्त बघितलं आहे. त्यावर मी काही बोलत नाही.

*

अंबिया_मृग

संत्र्याची बाग आहे, वरूडकडे. प्रत्येक धाग्यात कोणीतरी विचारतंच, म्हणून आधीच सांगतो : "नाशिकने द्राक्षाचं केलं, आपण संत्र्याचं का नाही?"

हिशोब असा. लिटरभर रसात साधारण १७ ग्रॅम साखर आंबली की एक टक्का अल्कोहोल होतं. वाइनचं द्राक्ष २२ ते २४ ब्रिक्सला (म्हणजे शंभर ग्रॅम रसात साधारण तेवढे ग्रॅम साखर) तोडतात, म्हणून ते बारा-तेरा टक्क्यांवर जातं. आपलं नागपुरी संत्रं दहाच्या आसपास. नुसत्या रसाची पाच-सहा टक्क्यांची होईल आणि ती टिकणार नाही. म्हणजे वरून साखर घालावी लागते. तेही चाललं असतं. खरं घोडं पेंड खातं ते कडूपणापाशी. संत्र्याच्या फोडीच्या पापुद्र्यात आणि बीत एक पदार्थ असतो, तो रस काढल्यावर काही तासांत कडू व्हायला लागतो. ताजा रस गोड, संध्याकाळी तोच कडवट, हे घरी केलेल्या सगळ्यांना माहीत आहे. आणि सालीचं तेल रसात उतरलं की यीस्ट मरगळतं. संत्र्याची वाइन होत नाही असं नाही, संशोधन संस्थांनी करून बघितली आहे. पण द्राक्ष स्वतःहून वाइन व्हायला बसलेलं असतं, संत्र्याला बळजबरी करावी लागते.

आमची संत्री बांगलादेशात जायची. तिकडे आयात शुल्क वाढलं आणि बागेत भाव पडले. तेव्हा प्रक्रिया हवीच, पण वाइनच्या नादी लागून नव्हे. मला विचाराल तर आधी रस धड करा.

परदेशात 'ऑरेंज वाइन' म्हणून विकतात तिच्यात संत्रं नसतं. पांढरी द्राक्षं सालीसकट आंबवतात, तिचा रंग तसा येतो. आमच्या पुतण्याने पुण्यात महागात घेतली आणि मला फोन करून विचारलं, काका ही अंबियाची की मृगाची! (आपल्या संत्र्याचे हे दोन बहार.)

*

निफाडची_लेक

माहेर निफाड, सासर मानेवाडा. आमच्या बागेचं कोणी लिहिलं की मी येणारच.

फिरस्तादादा, एक राहिलं. वेलाची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, तेव्हा वेल पार बोडका करतात. त्यातून काडी तयार होते. मग दसऱ्याच्या मागेपुढे गोडी छाटणी, तिच्यातून फळ येतं. थंड देशांत वेल हिवाळ्यात आपोआप झोपतो. आपल्याकडे तो झोपतच नाही, म्हणून माणसाने कात्री लावून त्याचं वर्ष ठरवायचं. वडील म्हणायचे, वेलाला पंचांग कळत नाही, आपण सांगायचं. आणि हे सगळं झाल्यावर मार्चमध्ये एक गारपीट आली की संपलं. खायच्या द्राक्षाला एक डाग पडला तरी निर्यात गेली. वाइनच्या द्राक्षाला डाग चालतो, कुज चालत नाही.

आमची बाग थॉमसनची, खायची. शेजारच्यांनी कंपनीशी करार करून शिराझ, म्हणजे वाइनचं द्राक्ष, लावलं होतं. मणी बारीक, बी भरपूर, साल जाड. मी लहानपणी चोरून खाल्लं आणि वाटलं यांना कोणी फसवलंय. भाव आधी ठरलेला असतो, वर-खाली होत नाही, याचं सुख शेतकऱ्याला किती ते विचारू नका. पण काही वर्षांपूर्वी उठाव नव्हता तेव्हा आजूबाजूच्या बऱ्याच जणांनी वाइनचे वेल उपटून परत खायची द्राक्षं लावली, तेही बघितलंय. विंचूरला वाइन पार्क झालं तेव्हा गावात पेढे वाटले होते.

'न फिरवल्याने' मध्ये आणखी एक घाला. फसफसणारी वाइन बाटलीतच दुसऱ्यांदा आंबते आणि तळाशी गाळ बसतो. बाटल्या तिरक्या घोडीवर (हो, त्या लाकडी चौकटीला आम्ही घोडीच म्हणतो) उलट्या लावून रोज थोड्या थोड्या फिरवतात, म्हणजे गाळ बुचाशी उतरतो. माझा चुलतभाऊ हे काम करायचा. आता यंत्र करतं. त्याची मनगटं अजून झोपेत फिरतात असं वहिनी सांगते.

आणि आईंना एक विचारा ना. आजोबांच्या टांग्याच्या घोड्याचं नाव काय होतं?

*

गुरांचा_डॉक्टर

@निफाडची_लेक, घोडीवरच्या बाटल्या! हे पाठ करून ठेवतो.

घोड्यांबद्दल कोणाला पुढे जायचं असेल तर नाशिकच्याही पलीकडे, नंदुरबार जिल्ह्यात सारंगखेड्याला तापीकाठी दत्तजयंतीला घोड्यांचा बाजार भरतो. डिसेंबर. तिथे घोडा विकत घ्यायचा नसला तरी जा. व्यापारी अंगावरचे भोवरे मोजून शुभ-अशुभ सांगतात, चारी पाय आणि कपाळ पांढरं असलं तर पंचकल्याण म्हणून भाव वाढवतात. मी आपला वय कळायला दात बघतो. दात खोटं कमी बोलतो. आपल्या मराठा फौजांचा भीमथडी घोडा, त्यालाही आता स्वतंत्र जात म्हणून नोंद मिळाली आहे. दिसायला बुटका. पण त्याच्यावर बसून लोक कुठपर्यंत गेले ते नागपूरच्या भोसल्यांच्या गावात सांगायला नको.

*

सेवाग्राम_एक्सप्रेस

ज्यांना सहाशे किलोमीटर गाडी हाकायची नाही त्यांच्यासाठी : सेवाग्राम एक्सप्रेस नाशिक रोडला थांबते. रात्री बसा, सकाळी उतरा. वर्धा झोपेत जातं.

*

सावजीचा_भाऊ

येताना बाटली असली त झोप लागन का बे त्या वर्ध्याले?

*

फिरस्ता_धंतोली

@निफाडची_लेक, ताई, विचारलं. काल रात्री जेवताना.

तीन घोडे झाले म्हणाली. पहिला राजा, तो आईच्या जन्माच्या आधीचा. दुसरा मोती, पांढरा. त्याला पावसाळ्यात काहीतरी पोटाचं झालं आणि आजोबा रात्रभर त्याला गल्लीत फिरवत राहिले, बसू देत नव्हते. पहाटे तो वाचला. (डॉक्टरसाहेब, तुमचा पोटशूळच असणार.) आई तेव्हा सात-आठ वर्षांची. कंदील तिने धरला होता. म्हणून ते कोडं तिच्या इतकं जिभेवर आहे की काय, हे मी विचारलं नाही.

तिसरी घोडी होती. तिच्यावर टांगा बंद झाला, ऑटो आले तेव्हा. तिचं नाव काय म्हटलं तर आई थांबली, आठवेना. मग हसायला लागली. म्हणे नाव ठेवलंच नव्हतं. आजोबा सकाळी जुंपताना "चल बाई" म्हणायचे, तेवढंच. मोहल्ल्यात सगळे तिला चलबाईच म्हणत.